सिम्युलेशनमध्ये शेवटी सगळे लबाडच का उरतात?

प्रश्न थोडक्यात असा होता: कॉम्प्युटरवर हजार जणांची लोकसंख्या उभी केली, अर्धे दुसऱ्याला मदत देणारे आणि अर्धे लबाड. दर पिढीत कुणाचीही कुणाशीही गाठ घालून द्यायची, ज्याला जास्त मिळालं त्याची पिल्लं जास्त. थोड्याच पिढ्यांत सगळे लबाड. पेऑफ (कुठल्या भेटीत कुणाला किती मिळतं ते आकडे) बदलले, लोकसंख्या वाढवली, तरी तेच. मग मॉडेल चुकलंय का, की जगात दिसतं ते सहकार्य नुसता देखावा आहे, आणि या गणितातून भांडणं-युद्धांबद्दल काही कळतं का?

मॉडेल चुकलेलं नाही, कोडही बहुतेक बरोबर आहे, आणि जग ढोंगी आहे असंही यातून निघत नाही. तुम्ही एक गोष्ट जाता जाता लिहून गेलात, "कुणाचीही कुणाशीही गाठ", सगळी गंमत तिथेच आहे. मी या विषयात वीसेक वर्षं काढलीत आणि पहिली तीन-चार वर्षं मी पण पेऑफच्या तक्त्याकडेच डोळे लावून बसायचो, आकडे जरा इकडेतिकडे केले की काहीतरी होईल असं वाटायचं. नाही होत. आधी बघायचं कोण कुणाला भेटतो, मग बघायचं पुढची पिढी कशी ठरते, आणि त्यानंतर पेऑफ.

आधी तुमचाच खेळ हाताने करून बघू, कागद-पेन्सिल घ्या. देणाऱ्याला १ खर्च येतो, समोरच्याला ३ चा फायदा होतो. लबाड काही देत नाही, मिळालं तर घेतो. समजा १०० त ६० देणारे आहेत. कुणालाही भेटलात तरी समोरचा देणारा असण्याची शक्यता ०.६, म्हणजे सरासरी १.८ मिळणार, मग तुम्ही कोणीही असा. देणाऱ्याच्या खात्यातून १ वजा, उरले ०.८. लबाडाचे १.८ तसेच. आता ६० च्या जागी १० घ्या नाहीतर ९५ घ्या, दोघांमधला फरक कायम बरोबर १ राहतो. ३ च्या जागी ३०० लिहिलेत तरी फरक १ च, कारण तो फायदा दोघांना सारखाच मिळतोय. म्हणून तुमचे पेऑफ बदलून काही झालं नाही. खर्च शून्याच्या खाली नेल्याशिवाय इथे काही बदलणारच नाही आणि तसं केलं की प्रश्नच संपला.

१९७८ मध्ये टेलर आणि जोंकर यांनी जे समीकरण मांडलं, ज्याला आता सगळे रेप्लिकेटर समीकरण म्हणतात, ते एवढंच सांगतं की एखाद्या प्रकाराचं प्रमाण वाढण्याचा वेग = त्याचं आत्ताचं प्रमाण × (त्याचा पेऑफ वजा सगळ्यांची सरासरी). यात आपले आकडे घातले तर देणारे ९९ टक्क्यांवरून ५० वर यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच ५० वरून १ वर यायला. म्हणजे सुरुवातीला बराच वेळ सगळं छान चाललंय असं वाटतं आणि मग धाडकन कोसळतं. आणि गंमत बघा, दर पिढीत सगळ्यांची सरासरी घसरत जाते. सगळे देणारे असताना प्रत्येकाला २ मिळत होते, सगळे लबाड झाल्यावर शून्य. नैसर्गिक निवड सगळ्यांचं भलं करते हा समज इथेच सोडून द्या, निवडीला फक्त शेजाऱ्यापेक्षा जास्त कोणाला मिळालं एवढंच दिसतं.

आता ती एकच ओळ बदला. समजा ०.४ शक्यतेने गाठ आपल्याच प्रकारातल्याशी पडते आणि उरलेल्या ०.६ मध्ये कुणाशीही. देणाऱ्याला देणारा भेटण्याची शक्यता लबाडापेक्षा ०.४ ने जास्त झाली. त्या ०.४ चे ३ प्रमाणे १.२ जास्त मिळाले, खर्च १, म्हणजे देणारा ०.२ ने पुढे. परत तेच, लोकसंख्येत देणारे किती आहेत याने काही फरक पडत नाही. तोच आकडा ०.३ केला तर ०.९ वजा १, देणारा मागे. उंबरठा एक तृतीयांशावर, म्हणजे खर्च भागिले फायदा. जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टनने १९६४ मध्ये नातेवाइकांबद्दल जो नियम दिला (नातं गुणिले फायदा खर्चापेक्षा जास्त हवा) तो हाच. लोक "नातं" म्हटलं की रक्ताचं नातं धरतात, पण गणिताला रक्ताशी काही देणंघेणं नाही, देणाऱ्याचा फायदा यदृच्छेपेक्षा जास्त प्रमाणात दुसऱ्या देणाऱ्याच्या पदरात पडतो का एवढंच त्याला बघायचंय. भावंडं जवळ राहतात म्हणून पडेल, पिल्लं फार लांब जात नाहीत म्हणून पडेल, नाहीतर ओळख ठेवून वागतात म्हणून पडेल.

यावरून २०१० मध्ये मोठं भांडण झालं होतं. नोवाक, टार्निटा आणि ई. ओ. विल्सन यांनी लिहिलं की नातेवाईक-निवडीचं (म्हणजे हॅमिल्टनच्या या नियमाचं) गणित फारसं कामाचं नाही, त्यावर पुढच्या वर्षी १३७ जणांच्या सह्यांचं उत्तर आलं. माझं मत विचाराल तर त्यातला निम्म्याहून जास्त वाद हा एकाच खर्चाचा हिशोब कुठल्या वहीत लिहायचा याचा होता. नवीन माणसाने त्यात वर्षभर तरी पडू नये.

जगात मग सहकार्य कसं टिकतं, तर गाठीभेटी रँडम नसतात म्हणून, आणि असलेल्या भेटी परत परत होतात म्हणून. हा दुसरा भाग म्हणजे "जशास तसे". राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉडने असा खेळ (याला कैद्यांचा पेच म्हणतात: एकेकट्याला लबाडी फायद्याची, पण दोघांनी दिलं तर दोघांचं जास्त भलं) परत परत खेळणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामांची स्पर्धा लावली होती, पहिल्या फेरीत १४ प्रोग्राम आले, दुसरीत ६२, आणि दोन्ही वेळा अनातोल रॅपोपोर्टचा सगळ्यात छोटा प्रोग्राम जिंकला. पहिल्यांदा दे, मग समोरच्याने मागच्या डावात जे केलं तेच कर. १९८१ मध्ये अ‍ॅक्सेलरॉड आणि हॅमिल्टनने मिळून ते जीवशास्त्रात आणलं. आपल्याच आकड्यांत बघू: एक डाव झाल्यावर पुढचा डाव होण्याची शक्यता ०.९ धरा, म्हणजे सरासरी १० डाव. दोन जशास-तसे भेटले तर प्रत्येकाला २०. जशास-तसे आणि लबाड भेटले तर पहिल्याचा एकदाच तोटा, उणे १, लबाडाला एकदाच ३ आणि मग दोघे हात बांधून बसतात. लबाड-लबाड शून्य. आता जशास-तसे लोकसंख्येत किती टक्के असले की लबाडांवर मात करतील? समीकरण सोडवा, १८ पैकी १ येतं, साडेपाच टक्क्यांच्या जरा वर. म्हणजे सगळीकडे लबाड असताना एकट्याने काही होत नाही पण छोटासा कंपू जरी जमला तरी गाडी चालू पडते. इथेही मुळात तेच चाललंय, गाठ कुणाशीही पडू दे, दुसऱ्या डावापासून फायदा फक्त देणाऱ्यालाच जातो.

जशास-तसेचं लोकांनी उगाच देव करून ठेवलंय हे मात्र सांगायला हवं. तो प्रोग्राम एकाही सामन्यात समोरच्यापेक्षा जास्त मिळवू शकत नाही, फार तर बरोबरी. तो जिंकला कारण ज्यांच्याशी जमण्यासारखं होतं त्या सगळ्यांशी त्याचं जमलं, आणि स्पर्धेत तसे बरेच होते. स्पर्धक बदला, निकाल बदलेल. १९८७ मध्ये बॉइड आणि लॉर्बरबॉम यांनी दाखवलं की अशा परत परत चालणाऱ्या खेळात भेटी पुरेशा लांबल्या की कुठलीच एकटी ठाम चाल पूर्णपणे अभेद्य नसते, बाकीच्या चालींचं योग्य मिश्रण आलं की ती हलते. आणि दुसरं म्हणजे चुका. दोन जशास-तसे बसलेत, सगळं गोडीगुलाबीत चाललंय, आणि एकाकडून तिसऱ्या डावात चुकून द्यायचं राहिलं. चौथ्या डावात दुसरा बदला घेतो, पण पहिला देतो कारण तिसऱ्यात त्याला मिळालं होतं. पाचव्यात उलट. सहाव्यात परत उलट. एक आड एक मार खात दोघं बसतात, कुणाचाच हेतू वाईट नाही, आणि आणखी एखादी चूक झाल्याशिवाय यातून सुटका नाही, ती चूक पण कधी दोघांना सोडवते तर कधी दोघांनाही पुढची चूक होईपर्यंत बंद पाडते. हे वहीत स्वतः मांडून बघा, दहा डाव पुरेत, मी विद्यार्थ्यांना हे करायला लावतो तेव्हा सातव्या-आठव्या डावाला कुणीतरी हसतंच, बहुतेक घरातलं काहीतरी आठवलेलं असतं.

यावर उपाय म्हणजे थोडी माफी. नोवाक आणि सिग्मुंड यांनी १९९२ मध्ये दाखवलं की चुका होणाऱ्या जगात कडक जशास-तसे हा फक्त मधला टप्पा असतो, तो लबाडांना हटवतो आणि मग त्याची जागा उदार जशास-तसे घेतो. नेहमीच्या ५-३-१-० पेऑफला (देणाऱ्याला फसवलं तर ५, दोघांनी दिलं तर ३-३, दोघे लबाड तर १-१, फसलेल्याला ०) ही उदारता एक तृतीयांश येते, म्हणजे तीन फसवणुकींपैकी सरासरी एक सोडून द्यायची. जास्त सोडलीत की लबाड परत डोकं वर काढतात. पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक चाल पुढे आणली, जमलं तर तेच कर, फसलं तर बदल. ती स्वतःची चूक दोन डावांत दुरुस्त करते. आणि शिवाय भोळ्या माणसाला बिनदिक्कत लुटते, हा भाग सांगायचा राहून जातो बऱ्याचदा.

आता जागेचा मुद्दा, इथे मी जरा जास्त थांबणार आहे कारण इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. १९९२ मध्ये नोवाक आणि मे यांनी देणारे आणि लबाड बुद्धिबळाच्या पटासारख्या ग्रिडवर बसवले. प्रत्येक जण फक्त शेजाऱ्यांशी खेळतो आणि मग शेजारात ज्याला सगळ्यात जास्त मिळालं त्याची नक्कल करतो. देणाऱ्यांचे घोळके तयार होतात, घोळक्याच्या आतले एकमेकांना देत राहतात, कडेचे मार खातात, पण एकूण टिकतात. चित्रं फार सुंदर येतात, गालिच्यासारखी. पुढच्या वर्षी ह्यूबरमन आणि ग्लान्स म्हणाले, थांबा, तुमच्यात सगळे एकाच टोल्यावर बदलतायत, निसर्गात असं कोण घड्याळ लावून बदलतं? त्यांनी एकेकाला वेगवेगळ्या वेळी बदलू दिलं आणि पेऑफच्या ज्या आकड्याला ते गालिचे येत होते तिथे देणारे साफ. मूळ लेखकांनी मग दाखवलं की दुसऱ्या आकड्यांना एकेक बदलूनही देणारे टिकतात. म्हणजे दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण धडा असा की अपडेट कसं करायचं हा प्रोग्रामिंगचा किरकोळ तपशील नाही, तो मॉडेलचा भागच आहे.

याचं सगळ्यात टोकदार उदाहरण २००६ चं, ओत्सुकी आणि मंडळींचं. नेटवर्कवर प्रत्येकाला समजा ४ शेजारी आहेत. नियम एक: कुणीतरी एक जण यदृच्छेने मरतो, मग त्याच्या शेजाऱ्यांमध्ये जागेसाठी चढाओढ. इथे निवडीचा जोर कमी असेल (म्हणजे पेऑफने पिल्लांच्या संख्येत थोडाच फरक पडत असेल) तर फायदा खर्चाच्या ४ पटीपेक्षा जास्त असला की देणारे जिंकतात, शेजारी जितके तितकी पट. नियम दोन: आधी ज्याला जास्त मिळालं त्याचा जन्मासाठी नंबर लागतो, मग त्याचं पिल्लू कुठल्यातरी शेजाऱ्याला हटवून बसतं. इथे फायदा कितीही मोठा करा, देणाऱ्याला बढत मिळतच नाही. मरण आधी की जन्म आधी, फक्त दोन ओळींची अदलाबदल! कारण पण साधं आहे, दुसऱ्या नियमात देणाऱ्याची खरी स्पर्धा त्याच शेजाऱ्याशी असते ज्याला त्याने आत्ताच मदत केली, म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने त्याचंच नुकसान भोगलं. पहिल्या नियमात स्पर्धा एक घर सोडून पलीकडच्याशी होते.

माझी फजिती पण ग्रिडवरचीच. पुढच्या पिढीसाठी पेऑफच्या प्रमाणात चिठ्ठ्या टाकायच्या होत्या, आणि उणे पेऑफ आले की प्रोग्राम अडायचा. मी एका ओळीत उणे असेल त्याचं शून्य करून टाकलं आणि विसरून गेलो. मग देणारे कुठेही टिकायला लागले, अगदी जिथे टिकायला नको तिथेही, आणि मला वाटलं आपल्याला काहीतरी नवीन सापडलं. दोन महिने त्यावर चार्ट काढले, एका परिषदेला गोषवारा पण पाठवून झाला. शेवटी एका विद्यार्थिनीने तीन बाय तीनचा कोपरा कागदावर काढून हाताने आकडेमोड केली. चार लबाड शेजाऱ्यांना देऊन बसलेल्या एकट्या देणाऱ्याचा पेऑफ उणे ४, पण माझ्या कोडमध्ये शून्य, म्हणजे ज्यांना काहीच मिळालं नाही त्या लबाडांच्या शून्याशी बरोबरी. मूर्खपणाची शिक्षाच मी माफ करून टाकली होती. ती ओळ काढली, पेऑफला निवडीच्या जोराच्या छोट्याशा आकड्याने गुणून १ मध्ये मिळवलं (करायला हवं होतं ते हे), आणि सगळा शोध हवेत. गोषवारा मागे घेतला. तेव्हापासून ग्रिडचा कोणताही निकाल आधी नऊ घरांवर हाताने केल्याशिवाय मी बघत नाही.

हे सगळं कागदावरचंच आहे असं वाटत असेल तर जिवाणूंकडे बघा. २००२ मध्ये केर आणि सहकाऱ्यांनी ई. कोलायचे तीन प्रकार घेतले. एक विष सोडतो आणि स्वतः त्याला पुरून उरतो, एकाला ते विष मारतं, आणि तिसरा विष करत नाही पण त्याच्यावर चालतही नाही. विषवाला दुबळ्याला मारतो, दुबळा तिसऱ्यापेक्षा भरभर वाढतो, तिसरा विषवाल्यापेक्षा भरभर वाढतो, म्हणजे दगड-कागद-कात्रीसारखं चक्र. बशीत पसरून न हलवता वाढवले तर तिघेही नांदत राहतात. तेच तिघे चंबूत घालून ढवळत ठेवले तर शेवटी फक्त तिसरा उरतो. पेऑफ तेच, खेळाडू तेच, नुसतं ढवळलं. तुमचं सिम्युलेशन म्हणजे तो ढवळलेला चंबू.

यीस्टचंही उदाहरण माझ्या आवडीचं आहे, कारण त्यात दुसरा खेळ दिसतो. यीस्ट पेशी एक एन्झाइम सोडून साखर फोडते, फोडलेल्या साखरेतला ९९ टक्के भाग शेजारच्यांकडे वाहून जातो, तिच्या वाट्याला जेमतेम १ टक्का. लबाड पेशी आयत्या बिळावर नागोबा. तरी २००९ मध्ये गोर आणि सहकाऱ्यांना दिसलं की ढवळलेल्या चंबूतसुद्धा दोन्ही प्रकार टिकून राहतात. कारण तो एक टक्का. आजूबाजूला कुणीच साखर फोडत नसेल तर तो एक टक्काही जीव वाचवतो, म्हणजे लबाडांच्या गर्दीत दुर्मीळ देणारा फायद्यात राहतो. इथे देणाऱ्या-लबाडाचा फरक "कायम १" नाही, प्रमाणाप्रमाणे बदलतो आणि मधे कुठेतरी काटा स्थिर होतो. म्हणून खऱ्या जगातली गोष्ट घेतली की आधी ठरवायचं खेळ कुठला आहे, दिसेल तिथे कैद्यांचा पेच चिकटवायचा नाही. नवीन लोकांची ही सगळ्यात मोठी खोड.

यावरून भांडणाकडे येऊ, कारण भांडणाचं मूळ मॉडेल पण असंच मधे स्थिर होणारं आहे. प्रश्न जुना होता: एकाच जातीचे प्राणी इतके दात-शिंगं असूनही एकमेकांना मारून टाकण्यापर्यंत क्वचितच का जातात? "जातीच्या भल्यासाठी" हे उत्तर चालायचं. जॉर्ज प्राइस नावाचा, मूळचा केमिस्ट्रीवाला, त्याने यावर एक लेख पाठवला, तो तपासायला आला जीवशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड स्मिथकडे, आणि १९७३ मध्ये दोघांनी मिळून लिहिलं. त्यातून ससाणा आणि कबूतर हा खेळ रूढ झाला. नावं पक्ष्यांची पण हे एकाच जातीतले दोन स्वभाव, ससाणा शेवटपर्यंत लढतो, कबूतर नुसता आव आणतो आणि मार बसायच्या आत पळतो.

समजा भांडणाची वस्तू ४ ची आणि जखम १० ची. ससाणा-ससाणा: अर्ध्या वेळी ४, अर्ध्या वेळी उणे १०, सरासरी उणे ३. ससाणा कबुतराकडून पूर्ण ४ हिसकावतो, कबुतराला शून्य. दोन कबुतरं, सरासरी २-२. ससाण्यांचं प्रमाण प असेल तर ससाण्याला ४ वजा ७प, कबुतराला २ वजा २प. दोन्ही सारखे होतात प = ०.४ ला, म्हणजे वस्तूची किंमत भागिले जखमेची किंमत. ससाणे त्याहून कमी झाले तर ससाणा असणं फायद्याचं, जास्त झाले तर कबूतर असणं. जखम महाग झाली की मारामारी कमी, बरोबर आहे, पण ती शून्य कधीच होत नाही. आणि ०.४ ला प्रत्येकाला मिळतात १.२, जेव्हा सगळे कबूतर असते तर २ मिळाले असते. ही जी तूट आहे ०.८ ची, ती कुणाच्याच खिशात जात नाही, जखमांत जाते.

आता यात एक तिसरा टाका. तो म्हणतो, मी आधी आलो असेन तर ससाणा, दुसरा आधी आला असेल तर कबूतर. त्याच्यासारखाच भेटला तर भांडण होतच नाही, सरासरी २. त्यांच्या वस्तीत ससाणा शिरला तर अर्ध्या वेळी ४ आणि अर्ध्या वेळी उणे ३, म्हणजे ०.५. कबूतर शिरलं तर १. दोघंही २ पेक्षा कमी, वस्ती अभेद्य. गंमत म्हणजे यात कुणी कुणावर दया केलेली नाही, कुणी देणारा नाही, फक्त एक खूण आहे जी दोघांना दिसते आणि दोघं मानतात. आणि उलटी रीत, "नंतर आला तो मालक", गणितात तितकीच स्थिर आहे. म्हणजे शांतता टिकते म्हणून ती रीत न्याय्य आहे असं समजायचं कारण नाही. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात खोल गणित हे आहे आणि ते एका पानात बसतं.

दोघांऐवजी गट आला की चित्र आणखी बिघडतं. पाच जण, प्रत्येकाने १० टाकायचे, जमतील त्याच्या तिप्पट करून सारखे वाटायचे. सगळ्यांनी टाकले तर प्रत्येकाला ३०. एकाने नाही टाकले तर बाकीचे २४ वर आणि तो ३४ वर. आणि इथे जशास-तसे चालत नाही, कारण एकाला धडा शिकवायला तुम्ही द्यायचं थांबलात तर मार बाकीच्या तिघांनाही बसतो. म्हणून वेगळी शिक्षा लागते, नेम धरून, आणि तिला खर्च येतो. फेर आणि गेख्टर यांच्या २००२ च्या प्रयोगात लोकांनी पदरचे पैसे घालून लबाडांना दंड केला, पुन्हा कधी त्यांची गाठ पडणार नव्हती तरी. पण मग शिक्षेचा खर्च टाळणारा हा दुसऱ्या मजल्यावरचा फुकट्या झाला. शिवाय बॉइड आणि रिचर्सन यांनी १९९२ मध्येच दाखवून ठेवलं होतं की पुरेशी शिक्षा असली, आणि शिक्षा न करणाऱ्यालाही शिक्षा असली, की कुठलीही गोष्ट टिकवता येते, सहकार्यच असं नाही, सगळ्यांच्या तोट्याची रूढीसुद्धा. २००८ मध्ये १६ शहरांतला तसाच प्रयोग प्रसिद्ध झाला तेव्हा काही ठिकाणी लोक चक्क जास्त देणाऱ्यालाच दंड करताना दिसले. शिक्षा हे अवजार आहे, कुणाच्या हातात आहे ते मॉडेलला कळत नाही.

युद्धाबद्दल विचारलंत. चोई आणि बोल्स यांचं २००७ चं मॉडेल वाचा, मी त्यातल्या प्रत्येक गृहीतकाशी सहमत नाही पण विचार करायला लावतं. त्यांनी दोन गुण वेगळे ठेवले, आपल्या गटासाठी झीज सोसणं आणि परक्यांशी वैर धरणं. एकेकटा कुठलाच टिकत नाही, झीज सोसणारा गटातच हरतो, वैर धरणारा परक्यांशी देवघेवीचे फायदे गमावतो. पण दोन्ही एकाच अंगात आले की असे लोक जास्त असलेला गट लढाई जिंकतो आणि गुण पसरतात. त्यांच्या सिम्युलेशनमध्ये लोकसंख्या बहुतेक वेळ दोनच अवस्थांत सापडते, एकतर स्वार्थी पण सगळ्यांशी जुळवून घेणारे, नाहीतर आपल्यांसाठी जीव देणारे आणि परक्यांचा जीव घेणारे. म्हणजे सहकार्य आणि संघर्ष हे तराजूचे दोन टोक नाहीत, एकाच गाठीभेटीच्या गणिताच्या दोन बाजू आहेत. "आपल्याच प्रकाराशी गाठ" हा ०.४ चा आकडा ज्याने देणाऱ्यांना वाचवलं, त्यालाच कुंपण पण म्हणतात.

उत्क्रांती बाजूला ठेवून नुसती शस्त्रस्पर्धा हवी असेल तर रिचर्डसनचं जुनं समीकरण बघा. हा हवामानाच्या अंदाजाचं गणित करणारा माणूस, क्वेकर, पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवायचा. दोन देश, प्रत्येकाची शस्त्रं दुसऱ्याच्या भीतीने वाढतात आणि स्वतःच्या खर्चाच्या ओझ्याने कमी होतात. दोघांच्या ओझ्यांचा गुणाकार भीतींच्या गुणाकारापेक्षा मोठा असेल तर प्रकरण कुठेतरी थांबतं, नाहीतर वाढतच जातं. एवढंच. याने उद्या कुठे युद्ध होईल ते कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. ही मॉडेलं "हे गृहीत धरलं तर हे होतं का" एवढं तपासायला असतात.

आता तुमच्या कोडसाठी. लोकसंख्या आधी १०० करा. पहिली चाचणी: सगळ्यांचा पेऑफ सारखा करा, एक वेगळा टाका, आणि कुठलातरी एकच प्रकार उरेपर्यंत चालवा. नुसत्या नशिबाने त्या एकाच्या वंशाने सगळी लोकसंख्या व्यापण्याची शक्यता १०० त १, म्हणून १०,००० वेळा चालवलंत तर साधारण १०० वेळा व्हायला हवं, ८० ते १२० च्या आत असेल तर ठीक. १५० आलं तर निवडीच्या कोडमध्ये कुठेतरी पक्षपात आहे, पुढे जाऊ नका. दुसरी चाचणी: खर्च १, फायदा ३, आणि जोडीदार निवडताना ठरलेल्या शक्यतेने आपल्याच प्रकारातला द्या, नाहीतर कुणीही, आणि पेऑफ ज्याची पाळी आहे फक्त त्याच्याच खात्यात टाका. ०.३३ च्या अगदी जवळ जाऊ नका, तिथे नशीबच सगळं ठरवतं. ०.१ ला जवळजवळ प्रत्येक वेळी लबाड आणि ०.६ ला जवळजवळ प्रत्येक वेळी देणारे यायला हवेत. नाही आले तर पेऑफला हात लावायच्या आधी उणे आकड्यांचं तुम्ही काय केलंय ते बघा.